घरातली प्रवाळ टाकी : सम्प नको, सवय हवी



'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ साली आला. तेव्हा तो पाहणारी मुले आज स्वतः आई-बाबा झाली आहेत, पण हट्ट अजून तोच आहे. "आपल्या घरी निमो आणूया ना!" गोड्या पाण्यातले गप्पी, गोल्डफिश आता जुने झाले. खाऱ्या पाण्याची, निळ्या उजेडाची, प्रवाळांची टाकी मोबाइलवर दिसते आणि मग तीच हवी असते. दुकानात चौकशी केली की पहिला प्रश्न येतो, "सम्प लावणार ना? त्याशिवाय प्रवाळ जगत नाहीत."

हे खरे आहे का? अर्धेच. आणि उरलेले अर्धे आपल्या मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकते. मुले असलेल्या घरात प्रवाळ टाकी करायचीच असेल तर ती लहान असावी, सम्प नसलेली असावी आणि मऊ प्रवाळांचीच असावी. शिवाय पहिले सहा आठवडे तिच्यात एकही मासा नसावा. ज्या घरात हे सहा आठवडे निभणार नाहीत, त्या घरात टाकी आणूच नये.

सम्प म्हणजे नेमके काय?

'संप' म्हटले की आपल्याला काम बंद आठवते. सोसायटीत राहणाऱ्यांना जमिनीखालची पाण्याची टाकी आठवते. हा दुसरा अर्थ इथे जवळचा आहे. मुख्य काचेच्या टाकीखाली, कपाटात लपवलेली दुसरी टाकी म्हणजे सम्प. वरचे पाणी नळीतून खाली उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते.

सम्पची कामे अशी : एकूण पाणी वाढवणे, हीटर व गाळणी नजरेआड ठेवणे, पृष्ठभागावरचा तेलकट थर ओढून घेणे, वरच्या टाकीतली पातळी कायम ठेवणे आणि फेस काढणाऱ्या यंत्राला, म्हणजे प्रोटीन स्किमरला, जागा देणे. वरण शिजताना वर येणारा फेस आपण डावाने काढतो ना, तसेच हे यंत्र पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढते.

ही सगळी कामे करावीच लागतात. सम्प नसला तर ती माणसाला करावी लागतात, किंवा टाकीच्या मागे लटकवलेल्या छोट्या उपकरणांनी होतात. म्हणजे प्रश्न 'सम्प लागतो का' हा नाही. 'सम्पचे काम कोण करणार' हा आहे. माझे उत्तर आहे : घरातले सगळे मिळून, रोज पाच-दहा मिनिटे आणि रविवारी तासभर.

आधी माणसांनीच केले आहे

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पंप नव्हता, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. घरात टिकवलेल्या सागरी टाक्यांच्या इतिहासात या टाकीचे नाव अगदी सुरुवातीला येते. पुस्तकात श्रेय बाईंना मिळाले. ओतणाऱ्या हातांचे नाव आपल्याला कुणी सांगत नाही, हेही मुलांना जरूर सांगा.

पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ टाकी चालवून दाखवली. खडकाच्या छिद्रांत राहणारे जीवाणूच पाणी शुद्ध करतात, हे त्यामागचे तत्त्व होते. आजही सम्प नसलेली टाकी याच तत्त्वावर चालते.

पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर?

आता आपल्या कामाचे बोलू. समजा टाकी ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच आहे. वरचे पाच सेंमी रिकामे ठेवले तर लांबी × रुंदी × उंची करून ९६ लिटर येतात. पण खडक आणि वाळू जागा व्यापतात. प्रत्यक्ष पाणी साधारण ८० लिटर बसते. हे सूत्राने काढू नका. भरताना बादल्या मोजा. आकारमान आणि धारकता यांतला फरक मुलाला त्या दिवशी कायमचा कळतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या टाकीत २८०० ग्रॅम. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. ६० × ४० च्या पृष्ठभागावर पातळी एक सेंमी उतरली म्हणजे २.४ लिटर पाणी उडाले. दोन सेंमी उतरली तर ४.८ लिटर. मग २८०० ग्रॅम क्षार ७५.२ लिटरमध्ये राहिले, म्हणजे लिटरमागे ३७.२ ग्रॅम. मासा हे कदाचित सोसेल, प्रवाळ आक्रसून बसतील.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा : उडालेल्या पाण्याच्या जागी काय ओतायचे, खारे पाणी की गोडे? बहुतेक मुले 'खारे' म्हणतील, कारण टाकी खाऱ्या पाण्याची आहे! मग त्यांनाच गणित करू द्या. रोज १.२ लिटर खारे पाणी ओतले तर दहा दिवसांत ४२० ग्रॅम क्षार जास्तीचे जमतील आणि खारटपणा ४० च्या वर जाईल. म्हणून रोज ओतायचे ते गोडे, क्षारविरहित पाणी. मिठागराचे सगळे तत्त्व या एका उदाहरणात आले की नाही, सांगा बरं?

सम्प असता तर हीच घट खाली कपाटात झाली असती आणि स्वयंचलित यंत्राने ती भरूनही काढली असती. मुलाला काहीच दिसले नसते. सम्प नसलेल्या टाकीत ती डोळ्यांसमोर होते. काचेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी रेघेपर्यंत पाणी भरणे हे मुलाचे काम. दात घासण्याइतके नियमित.

सहा आठवडे रिकामी टाकी

हा भाग सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा. नवीन टाकीत पाणी, वाळू, खडक सगळे असते, पण जीवाणू पुरेसे नसतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी विषारी. ही साखळी खडकावर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात काय करायचं? माशांच्या खाद्याची एक चिमूट रिकाम्या टाकीत टाकायची, दर दोन-तीन दिवसांनी चाचणी संचाने पाणी तपासायचे आणि आलेखावर बिंदू मांडायचे. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. त्याच्यामागे नायट्राइट चढतो आणि उतरतो. शेवटी नायट्रेट दिसू लागते. दोन्ही विषारी रेषा शून्यावर येऊन तिथेच राहिल्या की टाकी तयार. नायट्रोजन चक्राची आकृती आपण फळ्यावर वर्षानुवर्षे काढतो. इथे ते चक्र स्वतःच वहीत उतरते.

बरेच जण घाई करतात. दुसऱ्या दिवशी मासे सोडतात, आठवड्यात ते मरतात, पुन्हा आणतात. मुलाला यातून काय शिकवले? जीव मेला तर दुसरा विकत मिळतो, हे. मला हे अजिबात मान्य नाही. शिकण्याची किंमत दुसऱ्या जिवाने मोजायची नसते.

टाकी सुरू झाल्यावरचेही एक गणित आहे. समजा आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते आणि दर रविवारी आपण १० टक्के पाणी बदलतो. मग पातळी कुठे स्थिरावेल? पहिल्या आठवड्यात ५, दुसऱ्यात ९.५, तिसऱ्यात १३.५५ असे चढत चढत ती ५० च्या आसपास थांबते. २० टक्के पाणी बदलले तर २५ वर. आणि पाणी १० टक्केच बदलून मासे व खाद्य निम्मे केले तरी २५ वरच! म्हणजे सम्प नसलेल्या टाकीत सर्वांत स्वस्त गाळणी कोणती? कमी मासे. ८० लिटरमध्ये दोन लहान क्लाउनफिश आणि एखादी गोगलगाय पुरे. तिसरा मासा मागितला की मुलाला वहीतला आलेख दाखवा.

आपला उन्हाळा आणि आपली घरे

परदेशी पुस्तकांत हीटरवर पाने भरलेली असतात. आपल्याकडे अडचण उलटी. प्रवाळांना साधारण २५-२६ अंश पाणी मानवते. मे महिन्यात आपल्या बंद घरात पाणी सहज तिशीपार जाते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करून यजमानाला देते. पाणी फार तापले की ही जोडी तुटते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रातही हेच होते आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. उष्णतेची बातमी वाचताना मुलाला ती आपल्या टाकीशी जोडता आली पाहिजे.

सम्प नसताना पाणी गार ठेवायचा सोपा उपाय म्हणजे पृष्ठभागावर लहान पंखा. माठाचेच तत्त्व. पण माठ विदर्भात गार होतो तितका मुंबईत होत नाही, कारण कोकणपट्टीची हवा दमट. तसेच इथे. शिवाय पंखा लावला की पाणी जास्त उडते, म्हणजे रोजचे गोडे पाणीही जास्त ओतावे लागते. एक बदल केला की दुसरा हलतो. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात खोली गार ठेवायची सोय नाही, त्यांनी हा नाद करू नये, असे मी स्पष्ट म्हणते.

दुसरी गोष्ट विजेची. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरते. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. पाणी तापले की आणखी कमी. म्हणून वीज गेली तर पाणी हलते ठेवणे पहिले काम. लाटा करणारा छोटा पंप इन्व्हर्टरवर घ्या, किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. सम्प नसल्याचा एक फायदा इथे कळतो. सम्पच्या टाकीत वीज जाताच वरचे पाणी नळ्यांतून खाली उतरते, आणि खाली जागा कमी ठेवली असेल तर फरशीवर येते. आपल्याकडे ती भानगड नाही.

आणखी काही घरगुती सूचना :

१. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपल्याला चालते, टाकीला नाही. तांबे प्रवाळांना, झिंग्यांना, गोगलगायींना विष आहे. प्लॅस्टिकची वेगळी बादली ठेवा.

२. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत वजनाने सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतात. उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम असतात आणि तेही लागतात. त्यासाठी तयार सागरी क्षार मिळतात. चौपाटीवरून पाणी आणू नका. त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो.

३. डास मारण्याच्या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायने मासे आणि झिंग्यांना फार घातक असतात. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

४. या टाकीचे वजन स्टँड वगळून सव्वाशे किलोच्या पुढे जाते. अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नका.

साहित्य थोडकेच

मागे लटकवायचा फिल्टर, तसाच छोटा स्किमर, तासाला १२०० ते १६०० लिटर पाणी फिरवणारा वेव्हमेकर, टायमरवर रोज आठ तास चालणारा दिवा, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर आणि चाचणी संच. वेव्हमेकरचा रोख थोडा पृष्ठभागाकडे ठेवा, म्हणजे तेलकट थर मोडतो. थंडीत नाशिक-नागपूरकडे लहान हीटर लागेल. बस्स.

टाकीत काय ठेवायचे? आधी कायदा वाचा

हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून आपण सांगायचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. म्हणून दगडी प्रवाळ नको. समुद्रातून तोडून आणलेला 'जिवंत खडक' नको, कारण तो प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कृत्रिम खडक घ्या. जीवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ घेतात.

मग उरते काय? मशरूम पॉलिप, लेदर कोरल, झेनिया यांसारखे मऊ जीव. ते वरच्या गटांत मोडत नाहीत. तरीही पक्की पावती आणि जीव कुठून आला याची माहिती घ्या. शंका असेल तर वनविभागात विचारा. दुकानदार पावती द्यायला कां-कू करत असेल तर तिथून निघा. मासाही टाकीत जन्मलेलाच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेला निमो घरी आणणे म्हणजे चित्रपट पाहून नेमका उलटा धडा घेणे!

मऊ जीवांतही 'झोअँथिड' प्रकार मुलांच्या घरात टाळा. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. खडक घासताना किंवा गरम पाण्यात उकळताना माणसे गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. हातमोजे घातल्याशिवाय कुठल्याच खडकाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम करा.

आता गंमत पाहा. दगडी प्रवाळांना सांगाडा बांधायला सतत कॅल्शियम लागते, पाणी अतिशय स्वच्छ आणि स्थिर लागते. त्यासाठीच मोठा सम्प, मोठा स्किमर, क्षार सोडणारी यंत्रे येतात. ते प्रवाळ कायद्यानेच बाहेर गेले, म्हणजे सम्पची मोठी गरजही गेली. मऊ प्रवाळांना दर आठवड्याच्या १० टक्के नव्या पाण्यातून पुरेसे क्षार मिळतात. कायद्याची वाट आणि साधेपणाची वाट इथे एकच आहे.

शाळेत ठेवू का?

काही शिक्षक मित्र हे नक्की विचारतील. माझे उत्तर : नको. शाळा सुटली की शिपाईमामा मेन स्विच बंद करतात, आणि ते योग्यच आहे. दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, तेव्हा रेघेपर्यंत पाणी कोण भरणार? शाळेसाठी गोड्या पाण्यातल्या वनस्पती आणि गप्पी माशांची टाकी उत्तम. पण प्रवाळाचा धडा शाळेतही घेता येतो. काचेच्या दोन सारख्या भांड्यांत मिठाचे पाणी घ्या, एकावर झाकण ठेवा, दुसरे उघडे. रोज पातळी मोजा. पाचवीच्या मुलांनी निरीक्षण लिहावे, आठवीच्यांनी शेकडेवारी काढावी, दहावीच्यांनी आलेख. जीव एकही धोक्यात नाही.

आणि प्रवाळ पाहायला घरी टाकीच हवी असे थोडेच आहे? सिंधुदुर्गात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ काळजीपूर्वक दुसरीकडे हलवावे लागले. म्हणजे गजबजलेल्या मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ होते, आणि आपल्याला पत्ता नव्हता! ओहोटीच्या वेळी, जाणकाराबरोबर, काहीही न उचलता पाहणे हाही अभ्यासच.

तर पालकांनी काय ठरवावे?

मुलाचा हट्ट मोडू नका, पण त्याला अट घाला. टाकी, क्षार, कृत्रिम खडक आणि चाचणी संच एवढेच आणा. मासा नाही, प्रवाळ नाही. सहा आठवडे मुलाने रोज रेघेपर्यंत पाणी भरायचे, तापमान लिहायचे, आलेख काढायचा. आठवड्यातून एकदा तुम्हीही वहीवर सही करायची, कारण ही जबाबदारी एकट्या मुलाची नाही. बारा वर्षांच्या मुलावर जिवंत प्राण्यांचा सगळा भार टाकणे बरे नव्हे.

सहा आठवड्यांनी वही भरलेली असेल तर खुशाल दोन मासे आणि एक मशरूम पॉलिप आणा. वहीत मधली पाने कोरी असतील तर टाकी रिकामी करा आणि तिच्यात मनीप्लांट लावा. यात मुलाचा पराभव नाही. एखादा जीव सांभाळायला आपण अजून तयार नाही, हे प्रामाणिकपणे कळणे हीसुद्धा चांगली इयत्ता आहे.